‘गुन्हा कबूल नाही’ : चलानाच्या दुसऱ्या खिडकीची गोष्ट



रोजच्या व्यवहारातल्या कागदांचा इतिहास सांगताना आपण रेशनकार्ड पाहिलं, सातबारा पाहिला, रेल्वेचं पुठ्ठ्याचं तिकीट पाहिलं. आजचा कागद असा आहे की तो हल्ली कागद म्हणून हातात येतच नाही. मोबाइल टुणकन वाजतो. अमुक क्रमांकाच्या वाहनाने अमुक चौकात नियम मोडला, रक्कम इतकी, भरायला इथे दाबा. चलान.

त्या संदेशात पैसे भरायचा रस्ता ठळक दिलेला असतो. ‘मी हे केलेलंच नाही’ असं म्हणायचा रस्ताही असतो, पण तो शोधावा लागतो. एकाच कचेरीच्या दोन खिडक्या असाव्यात, एकीवर दिवा लावलेला आणि दुसरीची झडप अर्धी ओढलेली, तसं काहीसं. आज मला त्या दुसऱ्या खिडकीबद्दल बोलायचं आहे. ती कायद्यानेच ठेवलेली आहे, आणि मोटारींच्या कायद्याइतकीच जुनी आहे.

आता तुमच्यापैकी अनेकांच्या तोंडावर ती म्हण आली असेल: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हण अनुभवातून आलेली आहे, मी तिला खोटी म्हणणार नाही. पण तिच्यामागचा अनुभव बांधाच्या भांडणाचा आणि भाऊबंदकीच्या दाव्यांचा आहे. तिथे आपण आपल्या पायांनी कोर्टात जातो. चलानाच्या बाबतीत उलटं असतं. आपल्यावर आरोप ठेवलेला असतो, आणि आरोप ठेवणाऱ्याला तो सिद्ध करावा लागतो. निदान कायद्याचा आरंभ तिथून होतो.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल, कारण आपल्या मोटार कायद्याची मुळं तिकडची आहेत. जानेवारी १८९६. केंट परगण्यातल्या पॅडॉक वुड गावातून वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी आठ मैल वेगाने मोटार घेऊन गेले. मर्यादा होती ताशी दोन मैल, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कमी. गावच्या शिपायाने सायकलवर टांग मारली, पाठलाग केला आणि त्यांना गाठलं. वेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग. इंग्लंडात वेगाबद्दल शिक्षा झालेला हा पहिला मोटारवाला मानतात. सायकलवाल्याने मोटारवाल्याला पकडलं, हे ऐकून आज हसू येतं.

पुढे १९०३ चा मोटार कायदा आला. मर्यादा ताशी वीस मैलांवर गेली आणि पोलिसांचं काम अवघड झालं. सायकल पुरेना. मग त्यांनी सापळे लावायला सुरुवात केली. रस्त्याचा ठरावीक तुकडा मोजून घ्यायचा, दोन्ही टोकांना कुंपणाच्या झुडपांमागे शिपाई बसवायचे, हातात थांबघड्याळ. गाडी या टोकाला आली की खूण करायची, त्या टोकाला पोचली की घड्याळ दाबायचं. मोटारवाले चिडले. ते पैसेवाले होते, वजनदार होते आणि त्यांना हरायची सवय नव्हती. लंडनमध्ये १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली ती मुख्यतः या सापळ्यांविरुद्ध. संस्थेची माणसं सायकलवरून रस्त्यावर फिरत आणि पुढे सापळा आहे अशी सूचना सभासदांना देत. १९१० मध्ये अशाच एका माणसाचा खटला गाजला, बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स. न्यायालयाने सांगितलं की वेगात चाललेल्या गाडीला अशी सूचना देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. शिक्षा कायम झाली.

संस्थेने यावर काढलेली तोड मला फार आवडते. सभासदाच्या गाडीवर संस्थेचा बिल्ला असे, आणि तो दिसला की फिरता माणूस एरवी अदबीने सलाम करी. आता सभासदांना कळवलं गेलं की आमच्या माणसाने सलाम केला नाही, तर गाडी थांबवा आणि कारण विचारा. सलाम केला नाही म्हणून कोणाला गुन्हेगार कसं ठरवणार? सापळ्याची सूचना आता न केलेल्या सलामातून मिळू लागली.

पण या सगळ्या धुमश्चक्रीतलं आपल्या कामाचं वाक्य कायद्यातच होतं. १९०३ च्या कायद्याच्या नवव्या कलमात म्हटलं होतं की फक्त एका साक्षीदाराच्या मतावरून कोणालाही वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दोषी धरू नये. ‘मला वाटलं, गाडी फार जोरात होती’ हे एकट्या शिपायाचं म्हणणं पुरेसं नाही. मोटार ही वस्तूच तेव्हा नवी होती. आयुष्यभर घोडागाडी पाहिलेल्या माणसाला धूळ उडवत, आवाज करत येणारी कुठलीही मोटार वेगातच वाटणार.

हे वाक्य बोटीत बसून आपल्याकडे आलं. हिंदुस्थानात आधी इलाख्यांनी आपापले मोटार कायदे केले, मग १९१४ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला, आणि १९३९ मध्ये तो बदलून मोठा, तपशीलवार कायदा आला. त्या १९३९ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमात हे वाक्य आहे, थोड्या भरीसह: एकाच साक्षीदाराच्या मतावरून वेगाचा गुन्हा शाबीत होणार नाही, ते मत एखाद्या यांत्रिक साधनाने काढलेल्या अंदाजावर आधारलेलं असल्याखेरीज. १९८८ च्या सध्याच्या कायद्यात ते १८३ व्या कलमात गेलं. २०१९ च्या दुरुस्तीने ‘यांत्रिक’ या शब्दाच्या जोडीला ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द बसवला. बाकी वाक्य जागच्या जागी आहे.

याचं महत्त्व कळायला शेजारचा कायदा पाहावा लागतो. आपला पुराव्याचा कायदा १८७२ चा. त्याच्या १३४ व्या कलमात स्पष्ट होतं की कुठलीही गोष्ट शाबीत करायला ठरावीक संख्येने साक्षीदार लागत नाहीत. साक्ष मोजायची नसते, तोलायची असते. एका विश्वासार्ह साक्षीदारावर खुनाच्या आरोपीलाही शिक्षा होऊ शकते. आणि त्याच देशात, त्याच न्यायालयात, गाडीच्या वेगाबद्दल मात्र एकट्या माणसाची नजर पुरत नाही. कायदे करणाऱ्यांना रस्त्यावरच्या नजरेबद्दल इतकी शंका होती! वेगाच्या चलानाला आव्हान देणारा माणूस जेव्हा विचारतो की वेग कशाने मोजला, ते यंत्र कधी तपासलं होतं, तेव्हा तो फाटे फोडत नसतो. तो १९०३ सालचा प्रश्न विचारत असतो.

या तत्त्वाची दुसरी शाखा दारूच्या खटल्यांत दिसते. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बच्चूभाई हसनअली कार्यानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात म्हटलं की तोंडाला वास येत होता, चाल अडखळत होती, बोलणं तुटक होतं, बाहुल्या विस्फारल्या होत्या, एवढ्यावरून माणसाने दारू प्यायली होती असा निश्चित निष्कर्ष निघत नाही. रक्ताची तपासणी व्हायला हवी होती. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची मला अजिबात कणव नाही. पण वासावरून शिक्षा व्हायला लागली तर खोकल्याचं औषध घेणारेही आत जातील. आजच्या कायद्यात शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल असा आकडा आहे, आणि तो यंत्राने किंवा प्रयोगशाळेत मोजावा लागतो.

आता दुसऱ्या खिडकीवरून जरा पहिल्या खिडकीकडे येऊ, म्हणजे पैसे भरून मोकळं होण्याकडे. ती कशी उघडली?

१९३९ च्या कायद्यात १३० वं कलम होतं. किरकोळ गुन्ह्याच्या समन्सवर दोन पर्याय लिहायचे होते. एक, आरोपीने स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावं. दोन, तारखेच्या आधी रजिस्टर्ड पत्राने गुन्हा कबूल करावा आणि न्यायालयाने सांगितलेली, पंचवीस रुपयांपर्यंतची, रक्कम पाठवून द्यावी. विचार चांगला होता. लाहोरच्या ट्रकवाल्याला दिव्याच्या काचेवरून नागपूरच्या कोर्टात कशाला खेचायचं? पुढे वाद निघाला की हा टपालाचा पर्याय देणं मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक आहे का. पूरणसिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाही, कोणतं समन्स काढायचं हे मॅजिस्ट्रेटने ठरवायचं. गंमत पाहा, तेव्हा लोक कोर्टात जाऊन भांडले ते टपालाने कबुली द्यायची मुभा मिळावी म्हणून.

त्या काळात रस्त्यावरचा गुन्हेगार बहुधा मोटारवाला नसायचाच. आधीच्या पिढीतल्या माणसांना विचारा. बिनदिव्याची सायकल, डबलसीट, एकेरी रस्त्यात उलटं जाणं. पोलीस चाकातली हवा सोडायचा, नाहीतर नाव लिहून घ्यायचा, आणि मग एके दिवशी कचेरीची रजा काढून मॅजिस्ट्रेटपुढे रांगेत उभं राहायचं. दंड दोन-पाच रुपये. माझ्या आजोळच्या घरात एका काकांची अशी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जायची: दिवा होता, पण वाऱ्याने विझला होता. काच अजून गरम आहे, हात लावून बघा, असं ते शिपायाला सांगत राहिले. कोर्टात उभे राहीपर्यंत काच अर्थातच थंड झालेली.

१९८८ च्या कायद्याने पहिली खिडकी बरीच रुंद केली. १३० व्या कलमाचं २०८ वं कलम झालं. रजिस्टर्ड पत्राऐवजी मनीऑर्डर आली, आणि कबुली मनीऑर्डरच्या कुपनावरच लिहायची असं ठरलं. खुशालीचे चार शब्द जिथे आपण लिहायचो, ‘सर्व ठीक, काळजी नसावी’, तिथे ‘गुन्हा कबूल’. टपाल खात्याने जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद केली. कायद्याच्या पुस्तकात मात्र ते कुपन त्यानंतरही राहिलं.

त्याच कायद्यातलं २०० वं कलम मात्र दूरगामी ठरलं. त्याने राज्य सरकारांना अधिकार दिला की ठरावीक गुन्हे ठरावीक रक्कम घेऊन, खटल्याच्या आधीच, ठरावीक अधिकाऱ्यांनी मिटवावेत. याला आपण तडजोड शुल्क म्हणतो. हा शब्द नीट बघा. चौकातला हवालदार आपल्याला दंड करतच नाही. दंड करायचा अधिकार न्यायालयाचा आहे. हवालदार आपल्याशी तडजोड करतो: इतके दे, खटला भरत नाही. तडजोडीला दोन बाजू लागतात आणि दुसऱ्या बाजूला ‘नाही’ म्हणायची मुभा असते. २०१९ च्या सप्टेंबरात नवे जबर आकडे लागू झाले तेव्हा गुजरातने काही दिवसांतच हेल्मेटची रक्कम हजारावरून पाचशे केली. पुष्कळांना वाटलं, राज्य सरकारने संसदेचा कायदा बदलला. तसं नव्हतं. कायद्यातला दंड तोच राहिला, उतरली ती तडजोडीची किंमत.

(तिसरीही एक खिडकी आपल्याकडे आहे, चिरीमिरीची. तिचा इतिहास कोणी लिहिलेला नाही, कारण तिथे पावती मिळत नाही.)

मग दुसऱ्या खिडकीचं काय झालं? कायद्याने ती बंद केली नाही, पण तिथे उभं राहणं महाग होत गेलं. मध्य भारतातल्या एका जिल्हा न्यायालयात मी एकदा दुपारभर मागच्या बाकावर बसलो होतो, हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहायला. वाहतुकीची प्रकरणं चालली होती. फौजदारी प्रक्रियेत अशा खटल्याची सुरुवात फार साधी असते: मॅजिस्ट्रेटने आरोप काय तो सांगायचा आणि विचारायचं, गुन्हा कबूल आहे का, की बचाव द्यायचा आहे? तिथे प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येत होतं. कबूल. कबूल. कबूल. शिरस्तेदारांचं पेन एका लयीत चाललं होतं. मग एक टेम्पोवाला उभा राहिला, चाळिशीचा, हातात परवान्याची झेरॉक्स. त्याने सांगितलं की सिग्नल बंद होता, तो कसा मोडणार? कबूल नाही.

पेन थांबलं. शिरस्तेदारांनी चष्म्यावरून पाहिलं. मॅजिस्ट्रेट तरुण होत्या, शांतपणे म्हणाल्या की मग साक्षीदार बोलवावा लागेल, पुढची तारीख घ्या. बाहेर चहाच्या गाडीवर मी त्या माणसाला गाठलं. तो हिशेब करत होता. दंड पाचशेचा. आजचा दिवस गेला, बाराशे. पुढच्या तारखेचा दिवस, आणखी बाराशे. शिपाई आला नाही तर अजून एक. “कबूल म्हटलं असतं तर सतराशेत सुटलो असतो,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “पण सिग्नल बंद होता ना.”

पिटकोर्टांच्या, समरी खटल्यांच्या, तडजोडीच्या साऱ्या चर्चेत या हिशेबाची नोंद कुठेच नसते. सरकारच्या दृष्टीने कबुली म्हणजे निकाली निघालेलं प्रकरण. रांगेतल्या माणसाच्या दृष्टीने कबुली म्हणजे पुष्कळदा वाचलेली मजुरी. कबूल करणारे सगळे निर्दोष असतात असं मी म्हणत नाही. बहुतेकांनी नियम मोडलेलाच असतो आणि त्यांना ते ठाऊक असतं. पण कबुल्यांच्या ढिगातून खरी कुठली आणि परवडली म्हणून दिलेली कुठली, हे नोंदवहीवरून कळत नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेखीसाठी नवं कलम घातलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्याचे नियम काढले. मला ते नियम वाचताना बरं वाटलं, कारण त्यात जुन्या शंकेचं भान होतं. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायला हवं. कॅमेऱ्याने लक्ष ठेवलं जातं हे सांगणारे फलक आधी लावायला हवेत. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायला हवी. चलानासोबत गुन्हा आणि नंबरपट्टी स्पष्ट दिसेल असं छायाचित्र हवं, यंत्राने मोजलेला आकडा हवा, तारीख-वेळ-जागा हवी. आणि पुराव्याच्या कायद्यातल्या ६५ब कलमाखालचं प्रमाणपत्र हवं.

हे ६५ब काय प्रकरण आहे? संगणकातून निघालेला पुरावा न्यायालयात मूळ यंत्राऐवजी प्रतीच्या रूपाने आणायचा असेल, तर त्या यंत्राच्या जबाबदार माणसाने लिहून द्यावं लागतं की ही प्रत कुठून, कशी निघाली. ते किती गरजेचं याबद्दल बरीच वर्षं उलटसुलट निकाल होते. प्रश्न निर्णायकपणे सुटला तो आपल्या जालन्यामुळे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याच्या एका उमेदवाराचा अर्ज मुदतीनंतर घेतला गेला, असा आरोप होता, आणि पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रीकरण दाखवलं गेलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे ते प्रकरण. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल, तर प्रमाणपत्र हवंच. जालन्यातल्या एका दुपारच्या चित्रफितीवरून निघालेलं हे तत्त्व कोइमतूरच्या चौकातल्या कॅमेऱ्यालाही लागू होतं. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आला, त्यात हीच तरतूद ६३ व्या कलमात आहे.

कॅमेऱ्याच्या जोडीला आलं ते आभासी न्यायालय. जुलै २०१९ मध्ये दिल्लीत तीस हजारी इथे पहिलं सुरू झालं. महाराष्ट्रासाठी ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला. संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेलं तालुक्याचं गाव, आणि मुंबईच्या सागरी सेतूवरच्या गाडीचं चलान तिथल्या न्यायाधीशांच्या पडद्यावर! पद्धत अशी: पोलीस चलान संगणकावरून पाठवतात, न्यायाधीश ते पाहून दंडाची रक्कम ठरवतात, आपल्याला संदेश येतो. संकेतस्थळावर दोन पर्याय असतात. भरायचं आहे, किंवा आव्हान द्यायचं आहे. नीट पाहिलंत तर हे १९३९ चं समन्सच आहे. रजिस्टर्ड पत्र गेलं, मनीऑर्डर गेली, कळ आली.

फरक एका ठिकाणी आहे. पैसे भरणं घरबसल्या झालं. आव्हान मात्र दिलं की प्रकरण आभासी न्यायालयातून उठतं आणि जिथे गुन्हा घडला म्हणतात तिथल्या खऱ्या, विटामातीच्या न्यायालयात जातं. गुन्हा जिथे घडला तिथेच खटला, हा फौजदारी कायद्याचा जुना नियम आहे, आणि तो योग्यही आहे. पण आता एका खिडकीचं अंतर शून्य झालं आहे आणि दुसरीचं होतं तेवढंच राहिलं आहे.

बडोद्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी, या मालिकेच्या श्रोत्यांपैकी एकांनी, मला याबद्दल लांबलचक पत्र पाठवलं. त्यांच्याकडे अकरा वर्षं जुनी स्कूटर आहे. ती कधी गुजरातबाहेर गेलेली नाही. त्यांना उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरातून हेल्मेट नसल्याचं चलान आलं. छायाचित्रात मोटारसायकल होती, वर दोन तरुण, आणि पट्टीवर मास्तरांच्या स्कूटरचा नंबर. कोणीतरी नंबर चोरला होता. मुलगा म्हणाला, बाबा, हजार रुपये आहेत, भरून टाका. शेजाऱ्यांनी म्हण ऐकवली, तीच, पायरीची. मास्तरांनी जवळच्या ठाण्यात आधी तक्रार नोंदवली. पत्रात त्यांनी लिहिलं होतं: “आज हेल्मेट नव्हतं म्हणून भरले, उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर? मी कबूल केलेलं असेल की ती गाडी माझी होती.”

त्यांनी आव्हान दिलं. दोनदा आगगाडीने गेले, दोन रात्री धर्मशाळेत काढल्या. दुसऱ्या तारखेला मॅजिस्ट्रेटनी छायाचित्र आणि नोंदणीचं पुस्तक शेजारी ठेवून पाहिलं. पुस्तकात लिहिलं होतं स्कूटर, चित्रात मोटारसायकल. दोन मिनिटांत प्रकरण संपलं. ते दोन मिनिटांचं पाहणं कोणी बडोद्यालाच, किंवा त्यांच्या पडद्यावरच, का करू शकलं नाही, याचं उत्तर मला सापडत नाही. ज्या यंत्रणेला पैसे घेताना देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचता येतं, तिला ऐकून घेतानाही पोचता आलं पाहिजे.

बऱ्याच जणांनी मास्तरांना लोकअदालतीचा सल्ला दिला होता. तो सल्ला अनेकदा उपयोगी असतो, पण लोकअदालत म्हणजे काय ते माहीत असावं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. ती वाद मिटवते, न्यायनिवाडा करत नाही. थकलेली चलानं घेऊन लोक पहाटेपासून रांगा लावतात, रक्कम कमी होते, सगळे हसत घरी जातात. तिथे दिलेल्या निवाड्यावर अपील नाही. ज्याने सिग्नल मोडला होता त्याचं भलं झालं. ज्याने मोडलाच नव्हता त्यालाही तीच सवलत मिळते. मास्तर म्हणाले, अर्धे भरायचे म्हणजे ती गाडी अर्धी माझी होती असं का?

आणखी एक जुनी तरतूद सांगून थांबतो, कारण तिची आठवण क्वचितच निघते. १८९८ च्या फौजदारी संहितेत गुन्ह्यांना सर्वसाधारण मुदत नव्हती. कितीही वर्षांनी खटला भरता येई. १ एप्रिल १९७४ पासून नवी संहिता लागू झाली आणि तिच्या ४६८ व्या कलमाने ठरवलं की ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांनंतर घेऊ नये. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हे ५१४ वं कलम आहे. हेल्मेट न घालणं हा फक्त दंडाचाच गुन्हा. न्यायालयाकडे वेळेत न गेलेली, वर्षानुवर्षं मोबाइलवर साठत राहिलेली चलानं याच कलमाशी येऊन आदळतात. उशीर माफ करायचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्याला कारण लागतं. म्हणून चलान आलं की त्यावरची तारीख आधी बघा, मग छायाचित्र मोठं करून नंबरपट्टी बघा, मग गाडीचा प्रकार, मग कलम. वेगाचं असेल तर मोजलेला आकडा दिला आहे का ते बघा. नियम मोडला असेल तर भरून मोकळे व्हा. मोडला नसेल तर आव्हानाची कळ त्याच पानावर आहे, आणि समन्सवर तो पर्याय १९३९ पासून छापला जातो आहे.

पुढच्या भागात आपण टोलनाक्याच्या पावतीकडे वळू. ती गोष्ट मोटारींच्या फार आधीची आहे, नाणेघाटातल्या दगडी रांजणापासून सुरू होणारी. तोवर रजा घेतो. नमस्कार.